अळवावर पाणी थांबत नाही, तेल मात्र थांबतं

मालवणच्या बाजूला आमच्या घरामागे न्हाणीचं पाणी जिथे मुरतं तिथे अळवाचं बन आहे. मृगाचा पाऊस पडला की ते कमरेएवढं होतं. लहानपणी काही आणायला सांगितलेलं मी विसरलो की आजी म्हणायची, "अळवार पाणी रवात, पण तुझ्या डोक्यात माझा सांगणा रवूचा नाय." अळवावर पाणी राहत नाही ही गोष्ट इतकी सगळ्यांच्या ओळखीची, की तिची म्हण झाली. ते का राहत नाही, हे मात्र कुणी विचारत नाही.

यंदा मी अळवाचं एक मोठं पान ओटीवर पसरलं आणि डोळ्यांच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीने त्यावर चार थेंब टाकले. पहिला विहिरीच्या पाण्याचा. तो पाऱ्यासारखा गोल झाला आणि पान जरा कलतं करताच घरंगळत देठाजवळच्या खळग्यात जाऊन बसला. दुसरा कोकमाच्या आगळाचा. एरवी ज्याचा डाग धोतराला पडला तर जन्मभर जात नाही, ते आगळ इथे लालबुंद मण्यासारखं पळालं आणि मागे काही ठेवलं नाही. तिसरा खोबरेलाचा. त्याने गोल व्हायचं मनावरच घेतलं नाही. पडल्यापडल्या पसरला, आणि तेवढी जागा गडद, भिजल्यासारखी दिसायला लागली. चौथा भांड्यांच्या साबणाच्या पाण्याचा. तो क्षणभर दबकला आणि मग तोही बसकण मारून पसरला.

मग पानाचा एक कोपरा अंगठ्याने चांगला चोळला आणि तिथे पुन्हा साधं पाणी टाकलं. आता तेच पाणी पानाला धरून बसलं, पान उभं केलं तरी हलेना.

द्रव झटकणारा पृष्ठभाग कसा बनवायचा या विषयातलं बहुतेक सगळं या पानावर दिसतं. कारण शोधायला मात्र रेणूपर्यंत उतरावं लागतं.

पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. थेंबाच्या आतल्या रेणूला चहूबाजूंनी शेजारी असतात, कडेच्या रेणूला बाहेरच्या बाजूने कुणीच नसतं. म्हणून तो आत ओढला जातो आणि थेंब आपली कड होईल तितकी आखडून घेतो. ही ओढ म्हणजे पृष्ठताण. ती मिलिन्यूटन प्रति मीटर या एककात मोजतात. नाव एकदा सांगितलं, पुढे नुसते आकडे देतो. २० अंश सेल्सियसला पाण्याचा पृष्ठताण ७२.८ असतो. खोबरेलाचा ३०च्या आसपास, अल्कोहोलचा २२. साबण पाण्यात गेला की पाण्याचाही तिशीच्या घरात उतरतो. चौथ्या थेंबाचं वागणं एवढ्यावरूनच कळतं: तो पाणी असला तरी त्याची ओढ तेलाच्या पंक्तीला जाऊन बसली होती.

ही झाली थेंबाची बाजू. खालच्या पृष्ठभागावरही कडेचे अणू असतात आणि त्यांचेही हात वरच्या बाजूने रिकामे असतात. ते थेंबाला आपल्याकडे ओढतात. त्यांची ओढ जास्त असेल तर थेंब पसरतो, थेंबाची स्वतःची ओढ जास्त असेल तर तो गोल राहतो. या ओढाताणीचा निकाल थेंबाच्या कडेला जो कोन पडतो त्यात दिसतो. थॉमस यंगने १८०५ साली हे मांडलं. पूर्ण पसरलेल्या पाण्याचा कोन शून्य, जमिनीला जेमतेम टेकलेल्या गोळीचा १८० अंशांच्या जवळ. अळवाच्या पानावर पाण्याचा कोन १६० अंशांच्या आसपास भरतो. कमळाच्या पानावरही जवळपास तेवढाच.

आता पृष्ठभागाच्या ओढीचे आकडे. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम झिस्मनने विसाव्या शतकाच्या मध्यावर शेकडो द्रव वेगवेगळ्या पृष्ठभागांवर टाकून पाहिले आणि एक ढोबळ पण फार कामाचा नियम काढला: प्रत्येक पृष्ठभागाचा एक आकडा असतो, आणि ज्या द्रवाचा पृष्ठताण त्याहून कमी तो तिथे पसरतो. त्यातली गंमत अशी की हा आकडा वस्तू कशाची आहे यावर ठरत नाही. सगळ्यात वर कोणते अणू डोकं काढून आहेत, त्यावर ठरतो. वस्तू लोखंड असो, काच असो की लाकूड, वरचा नॅनोमीटरभर थर बदलला की निकाल बदलतो.

माडाची बाग डोंगरावरून कशी दिसते ते आठवा. खाली तांबडी माती आहे, पोफळी आहेत, कुणाचं तरी घर आहे. वरून दिसतात त्या फक्त झावळ्या. थेंबालाही तसंच फक्त वरचं दिसतं. लांब रेणू एकमेकांना खेटून माडांसारखे उभे केले, तर थेंबाला त्यांची फक्त शेंडी लागते, खोड नाही. शेंडीला कार्बन आणि तीन हायड्रोजन असतील तर आकडा २२च्या जवळपास. तेच रेणू आडवे पडले आणि त्यांची कूस वर आली, म्हणजे कार्बनला दोनच हायड्रोजन, तर ३१. हायड्रोजनच्या जागी फ्लोरिन आणलं तर कुशीचा आकडा १८ होतो, आणि कार्बनला तीन फ्लोरिन असलेल्या शेंड्या दाटीने लावल्या तर अवघा ६. मेणही याच कार्बन-हायड्रोजनच्या लांब साखळ्यांचं बनलेलं, म्हणून त्याचा आकडा विशी-तिशीत. खोबरेलाला तिथे पसरायला फारशी हरकत येत नाही. पाणी मात्र ७२.८ घेऊन आलेलं असतं, त्याचं जमत नाही.

फ्लोरिनमध्ये एवढं काय आहे? तो आपले इलेक्ट्रॉन कंजूष माणसाच्या कनवटीसारखे घट्ट धरून ठेवतो. शेजाऱ्याला बघून ते इकडे-तिकडे हलत नाहीत, आणि दोन रेणूंमधली दूरची ओढ तर अशा हलण्यातूनच तयार होते. त्यामुळे फ्लोरिनने झाकलेला पृष्ठभाग कुणालाच जवळ करत नाही. नॉनस्टिक तव्यावरचं टेफ्लॉन हेच. १९३८ साली रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाच्या टाकीतून वायू बाहेर येईना, टाकीचं वजन मात्र तेवढंच. कापून बघितली तर आत पांढरी मेणचट पूड. जे कशालाच चिकटत नाही ते तव्याला कसं चिकटवलं, असा प्रश्न माझ्या बायकोने घावणे घालता घालता विचारला होता. उत्तर साधं आहे: ॲल्युमिनियम आधी खरबरीत करतात आणि पहिला थर त्या खाचाखोचांत अडकवतात. (घावण्याला बिड्याचा तवाच बरा, हे तिचं मत मला मान्य आहे. तिथेही तेल तापून तापून आपसात जोडलं जातं आणि लोखंडावर काळं कातडं धरतं. पिठाला उघडं लोखंड दिसतच नाही.)

माड लावायचे तर मुळं धरायला जमीन हवी. काचेवर पाणी झटकणारं जे द्रव्य लावतात त्यात बहुधा सिलेन असतात. रेणूच्या एका टोकाला सिलिकॉनचा अणू आणि त्याला गळासारखे तीन हूक, दुसऱ्या टोकाला लांब शेपूट. काचेच्या अंगावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या असतात, त्यांत हे हूक पक्के रुततात आणि शेपटं बाहेर राहतात. एवढ्या एका थराने काचेचा स्वभाव पालटतो.

हे मला समजलं ते पैसे वाया घालवून. पावसात स्कूटर चालवताना हेल्मेटच्या पारदर्शक झडपेवर पाणी साचतं म्हणून मी असली एक बाटली आणली आणि ऐन जुलैत, सगळी हवा घामेजलेली असताना, अंगणात बसून झडपेला चोपडली. आठवड्याभरात सगळं निघून गेलं, वर धुरकट पट्टे राहिले. दोन्ही चुका माझ्याच. झडप काचेची नसते, पॉलिकार्बोनेटची असते. तिच्या अंगावर त्या जोड्या जवळपास नसतातच, म्हणजे कातळावर माड लावल्यासारखं झालं. दुसरं असं की सिलेनच्या हुकांना थोडी ओल लागते, पण फार ओल असली तर ते काचेपर्यंत पोहोचण्याआधी आपसातच गुंततात आणि त्यांच्या गुठळ्या होतात. मे महिन्यात, साबणाने धुऊन कोरड्या केलेल्या गाडीच्या पुढच्या काचेवर तेच द्रव्य लावलं, ते मात्र बरंच टिकलं.

पण रसायन कितीही चांगलं असलं तरी गुळगुळीत पृष्ठभागावर पाण्याचा कोन १२० अंशांच्या पलीकडे जात नाही. सगळ्यात कमी आकड्याच्या, तीन फ्लोरिनच्या शेंड्या लावूनसुद्धा नाही. मग साधं मेण अंगावर घेऊन अळू १६०वर कसं पोहोचतं?

पान घ्या आणि पाण्याने भरलेल्या बादलीत तिरकं बुडवा. हिरवं पान पाण्याखाली चांदीसारखं चमकायला लागतं. बाहेर काढलं तर कोरडं. ती चमक पानाची नाही, हवेची आहे. पानावर मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढे उंचवटे असतात आणि त्यांच्यावर मेणाची त्याहून कितीतरी बारीक नक्षी. पाणी उंचवट्यांच्या माथ्यावर टेकतं, खालच्या घळींत हवा अडकून राहते. थेंब बहुतेक हवेवरच बसलेला असतो, आणि हवेला पाण्याची ओढ नसते. कॅसी आणि बॅक्स्टर यांनी १९४४ साली याचं गणित मांडलं. त्याआधी १९३६ साली वेन्झेलने दाखवलं होतं की खरबरीतपणा पृष्ठभागाचा मूळ स्वभाव वाढवतो: पाणी नको असेल तर आणखी नको, हवं असेल तर आणखी हवं. खोबरेलाच्या थेंबाचं कोडं इथे सुटतं. मेणाला तेल चालत होतं, खरबरीतपणाने ते 'चालतं' दुप्पट झालं आणि तेल घळींत शिरलं. कमळाचं पान स्वच्छ का राहतं, हे जर्मनीतल्या बार्थलॉट आणि नाइनहुइस यांनी १९९७ साली सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं: धूळही माथ्यावरच टेकलेली असते आणि घरंगळणारा थेंब तिला उचलून नेतो. अंगठ्याने चोळल्यावर मी ही नक्षीच पुसली होती.

या युक्तीत एक मोठी खोट आहे आणि कोकणात ती लगेच उघडी पडते. उकळत्या भाताच्या वाफेवर पान धरा. वाफ थेट घळींत शिरून तिथेच पाणी होते, हवा बाहेर पडते, आणि त्याच पानावर थेंब धरून बसतो. नुसत्या खरबरीतपणावर विसंबून बनवलेला कुठलाही लेप आपल्या हवेत, खारं दव आणि बुरशी यांच्यापुढे किती दिवस काढेल याबद्दल मला तरी शंका आहे. जाहिरातीत चिखल ओतलेला पांढरा बूट कोरडा निघतो, तो एकदाच ओतलेला असतो.

पाण्याचं झालं. खरी कसोटी तेलाची. पावसाळ्यात आमच्या किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात, समुद्रात सांडलेलं तेल लाटांनी मळून मळून झालेले. त्यावर पाय पडला की तो काळा चिकटा पाण्याने जात नाही, वाळूने जात नाही. खोबरेल चोळलं की सुटतो. आपल्या कातडीवर मुळातच तेलकट थर असतो आणि जातीला जात मिळते. तेलाचा पृष्ठताण इतका कमी की त्याला गोल ठेवायचं तर पृष्ठभागाचा आकडा त्याच्याही बराच खाली हवा. सहाचा आकडा गाठला तरी गुळगुळीत जागी तेल काटकोनापर्यंतही पोहोचत नाही. २००७ साली एमआयटीत अनिश तुतेजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रसायन आणि आकार दोन्ही एकत्र आणले. फ्लोरिनचे हात असलेला सिलिकॉन-ऑक्सिजनचा पिंजऱ्यासारखा रेणू घेतला आणि पृष्ठभागाला अळंब्यांसारखा आकार दिला, वर छत्री आणि खाली बारीक दांडा. तेल छत्रीच्या कडेवरून खाली उतरायला लागलं की पृष्ठताण त्याला कडेलाच अडवतो. त्यावर तेलाचेही गोल मणी उभे राहिले.

मात्र थेंब किती गोल उभा राहतो याचं कौतुक आपण जरा जास्तच करतो असं मला वाटतं. गुलाबाच्या पाकळीवरही दवाचा थेंब जवळपास अळवावरच्यासारखाच गोल असतो, पण पाकळी उलटी केली तरी लटकून राहतो. कामाचा प्रश्न वेगळा आहे: थेंब सुटतो का? घरंगळणाऱ्या थेंबाची पुढची कड आणि मागची कड वेगवेगळे कोन करतात. या दोन कोनांत जितका फरक, तितका थेंब अडकतो. खिडकीच्या काचेवर पावसाचा थेंब वाट पाहत बसतो, मग दुसरा येऊन मिळाला की एकदम धावतो, ते याच फरकामुळे. आणि हा फरक कुठून येतो? पृष्ठभागावरच्या बारीकसारीक विसंगतींतून. बागेत मधेच चार माड पडले, उघडी माती दिसली, की थेंबाची मागची कड तिथे अडकते.

यावरचा जो उपाय मला सगळ्यात आवडतो त्यात ना फ्लोरिन आहे, ना अळंबी. सिलिकोनच्या, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन आलटून पालटून जोडलेल्या, लांब साखळ्या घ्यायच्या आणि त्यांचं एकच टोक काचेला बांधायचं. ही साखळी उणे १२५ अंश सेल्सियसपर्यंत थंड केल्याशिवाय ताठ होत नाही. म्हणजे आपल्या घरच्या तापमानाला ती खुंट्याला बांधलेल्या दोरीसारखी भरतीच्या पाण्यात अखंड हेलकावत असते. टोक बांधलेलं, बाकीचं अंग जवळजवळ द्रवच. अशा पृष्ठभागावर थेंबाला अडकायला जागाच सापडत नाही. एक बोचरी जागा आली तर पुढच्या क्षणी ती तिथून हललेली असते. वांग आणि मॅकार्थी यांनी २०१६ साली असा थर दाखवला. पाण्याचा कोन साधारण १०५ अंशच, दिसायला अगदी बेताचा. पण दोन कोनांतला फरक एक अंशाच्या आसपास, त्यामुळे काच किंचित कलली की पाणी तर जातंच, तेलही निथळतं. थर नॅनोमीटरांच्या घरातला असल्याने काच आरपार स्वच्छ राहते.

फ्लोरिन टाळायचं कारण आता सगळ्यांनाच माहीत झालंय. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध सेंद्रिय रसायनातल्या सर्वांत बळकट बंधांपैकी एक. रेनकोट, तेल न शोषणारा कागद, आगीवरचा फेस यांत ज्या गुणासाठी तो वापरला, त्याच गुणामुळे तो माती-पाण्यात कुजत नाही. अशा रसायनांपैकी पीएफओएस २००९ साली स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे न कुजणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आलं, पीएफओए २०१९ साली. आपल्याकडे विहिरीचं पाणीच जिथे पितात, तिथे हा विषय दूरदेशीचा समजू नये. रेनकोट जुना झाला की पाणी शोषायला लागतो तेव्हा पुष्कळदा रसायन गेलेलं नसतं, साबणाचा राप बसलेला असतो किंवा शेंड्या आडव्या झालेल्या असतात. साध्या पाण्यात खळखळून धुऊन, लेबलवर परवानगी असेल तर कोमट इस्त्री फिरवली की त्या पुन्हा उभ्या राहतात. नवीन घेण्याआधी हे करून बघा.

आमच्या शेजारचे काका मासेमारी करतात. हे सगळं त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मगे ता तुझा रसायन माझ्या होडयेच्या बुडाक लावलंय तर कालवां धरूची नाय मां?"

त्यांचे वडील होडीला काजूच्या टरफलाचं तेल चोपडायचे. हातावर उडालं तर कातडी उततं, असं जहाल. त्या रेणूचं डोकं फिनॉलचं आणि शेपूट पंधरा कार्बनची. लाकडाच्या छिद्रांत मुरून वाळलं की त्याची राळ होते, पाणी आत शिरत नाही आणि लाकूड पोखरणाऱ्या किड्यालाही ते मानवत नाही. काका आता फायबरची होडी चालवतात.

मी त्यांना सांगितलं की बुडाच्या बाबतीत आकडा जितका कमी तितकं चांगलं, असं नसतं. समुद्रातले जीव सगळ्यात कमी चिकटतात ते २२ ते २४च्या आसपास, म्हणजे सिलिकोनच्या पट्ट्यात. टेफ्लॉन १८वर असूनही त्याहून वाईट ठरतं. आणि सिलिकोनवरही ते बसतातच, फक्त पकड सैल असते. जहाज वेगात धावायला लागलं की पाण्याच्या झोतानेच सुटून पडतात. पूर्वीचे कथिलयुक्त विषारी रंग याहून जालीम होते, पण त्यांनी किनाऱ्यावरच्या शंखशिंपल्यांचीच वाट लावली, म्हणून २००८ पासून जगभर बंदी आहे.

"माझी होडी खय धावता जहाजासारखी," काका म्हणाले. खरं आहे. ती खाडीत बांधलेली जास्त असते, आणि १ जून ते ३१ जुलै बंदीच्या काळात तर काठावर झापांखाली शाकारून ठेवलेली. बंदीच्या तोंडावर होडी वर ओढली की शाकारण्याआधी ते ती पालथी करतात आणि पातळ पत्र्याच्या तुकड्याने बूड खरवडून काढतात. यंदाही तेच करत होते. खरवडलेली कालवं एका बाजूला, पलीकडे त्यांची सून ती फोडून मांस टोपात टाकत होती.